व्याह्यांच्या देखरेखीखाली निजवा

निजवा पाहायला जाणाऱ्यांना माझा पहिला सल्ला असा, की व्याह्यांना बरोबर नेऊ नये. गावात खोट काही नाही. मस्कतहून निघालं की डोंगर जवळ जवळ यायला लागतात, त्यांच्यावर औषधाला हिरवं पान नसतं. मग एक वळण संपतं आणि खाली एकाएकी खजुरांचं रान दिसतं, त्यात मातीच्या रंगाची घरं आणि घरांच्या मधोमध एक भलामोठा गोल बुरूज. असं गाव माणसाने एकट्याने बघावं, नाहीतर बायकोबरोबर बघावं. माझी बायको दोन वर्षांपूर्वी गेली. राहता राहिले व्याही.

मी देवरुखचा. एका बसस्थानकावरून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. म्हणजे खिडकीत बसून आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या, स्वतः कुठे गेलो नाही. ही गेल्यावर घरी एकटा राहत होतो आणि बरा राहत होतो. गेल्या श्रावणात मागच्या पडवीच्या पायरीवर शेवाळ धरलं होतं, तिथे घसरलो. मोडलं काही नाही. फक्त उठता येईना, आणि शेजारीण आपलं मांजर शोधत आमच्या परसात येईपर्यंत मी तसाच पडून होतो. ही हकीकत मी मुलाला विनोद म्हणून सांगितली. मांजराचा भाग तर मी फारच रंगवतो. निखिल हसला नाही. दिवाळी झाल्याबरोबर त्याने मला ओमानला आणलं, मस्कतजवळ अझैब्यातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये. थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं, की मी परतीच्या तिकिटाचा विषय काढला की घरातल्या सगळ्यांना एकदम कामं आठवतात.

शेवटी एकदा जेवताना मीच पैज घातली. निखिलला मधूनमधून कामासाठी इब्रीला जावं लागतं आणि निजवा वाटेत पडतं.

"मला सकाळी निजव्यात सोड," मी म्हटलं, "आणि संध्याकाळी येताना घे. मधला दिवस माझा. पायी हिंडेन, तुला एकही फोन करणार नाही. संध्याकाळी सोडलंस त्याच जागी दोन पायांवर उभा दिसलो, तर माझं तिकीट काढायचं."

"आणि नाही दिसलात तर?"

"तर मी इथेच. तू म्हणशील तोवर."

निखिलने मृणालकडे, म्हणजे आमच्या सूनबाईंकडे पाहिलं. तिने माझ्या पानात आमटी वाढता वाढता दुरुस्ती सुचवली. "माझे बाबा बरोबर जातील."

"आजोबा लॉस्ट झाले तर त्यांची रूम मला?" नात ईराने विचारलं. तिचं मराठी अडखळतं, पण मुद्दा कधी चुकत नाही.

तर असे तात्यासाहेब माझ्याबरोबर आले. ते साताऱ्याकडचे, लेकीकडे थोड्या दिवसांसाठी आलेले. महसूल खात्यात मंडल अधिकारी होते. जन्म पंचनामे करण्यात गेल्यामुळे ते चहाचा कपसुद्धा हद्द तपासल्यासारखा चारही बाजूंनी बघून मग उचलतात. बोलतात कमी. माणूस सज्जन आहे, पण परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक कितीही सज्जन असला तरी त्याच्याकडे बघून पेपर सुचत नाही.

निखिलने सकाळी आम्हाला किल्ल्याजवळच्या मोठ्या वाहनतळावर सोडलं. "सूर्य मावळून मगरिबची बांग झाली की मी इथे आहे," तो मला म्हणाला. मग तात्यांना म्हणाला, "तात्या, यांना पाणी प्यायला लावा." मी तिथेच उभा होतो, पण माझ्याबद्दल बोलायला आता माझी गरज पडत नाही.

निजव्याचा बकऱ्यांचा बाजार सगळीकडे नावाजलेला आहे. माणसं लांबून तो बघायला येतात. तो शुक्रवारी भरतो. आम्ही गुरुवारी गेलो. सगळ्या सहलीचा बेत मीच आखला होता, त्यामुळे या बाबतीत कुणाकडे बोट दाखवायची सोय नव्हती. गुरुवारचा दुसरा परिणाम असा, की तात्यांचा दत्ताचा उपास होता.

किल्ला मात्र गुरुवारीही जागेवर होता. आपल्याकडचे गड म्हणजे अर्धी लढाई चढणीतच संपते. इथे गड सपाटीवर आहे, बाजाराला खेटून, आणि सगळी कपटनीती आत बुरुजात दडवलेली आहे. वर जाणारा जिना अरुंद, काटकोनात वळणारा. दर वळणावर एक दार आणि दाराच्या वर छताला भोक. शत्रू दार फोडत उभा राहिला की वरून त्याच्या डोक्यावर खजुराचा उकळता पाक ओतायचे. पुढच्या पायऱ्यांच्या फळ्या काढून घ्यायचे, म्हणजे वाचलेला माणूस खालच्या खड्ड्यात. हे सगळं मी तात्यांना समजावून सांगितलं. तात्यांनी त्या भोकाकडे वर बघितलं आणि म्हणाले, "उपासाला चाललं असतं."

तात्या विनोद करतात की माहिती देतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

जिन्याच्या मध्यावर माझा दम संपला. ही गोष्ट पर्यवेक्षकाच्या नजरेला पडता कामा नये, म्हणून मी भिंतीवरची माहितीची पाटी वाचायला थांबलो. पुढच्या वळणावर पुन्हा एक पाटी होती, तीही मन लावून वाचली. तिसऱ्या वळणावर तात्या माझ्या खांद्याशी येऊन उभे राहिले.

"अण्णासाहेब, ही अरबीत आहे."

"मी चित्र बघतोय."

"चित्र नाही तिच्यावर."

मग ते खालच्या पायरीवर बसले आणि चपलेचा पट्टा सोडून पुन्हा लावू लागले. बराच वेळ लावत होते. चपलेला काही झालेलं नव्हतं, हे मला घरी आल्यावर सुचलं.

वर पोचल्यावर सगळं वसूल झालं. बुरुजाच्या कठड्यावरून खाली मशिदीचा नक्षीदार घुमट, त्याच्याभोवती खजुरांच्या झावळ्या एकमेकांत अडकलेल्या आणि त्यांच्या पलीकडे ते बोडके डोंगर. आमच्याकडे डोंगर हिरवा आणि माणूस कोरडा असतो. इथे उलटं दिसलं. खाली उतरताना चार अनोळखी माणसांनी 'सलाम अलैकुम' केलं आणि कुठून आलात, कसे आहात, मुलं कशी आहेत इतकं विचारलं. देवरुखात सख्खा चुलतभाऊ इतकं विचारत नाही.

बाजारात मी हलव्याच्या दुकानासमोर अडकलो. तांब्याची केवढी तरी मोठी कढई, तिच्यात गडद तपकिरी, चकचकीत, हलणारा ऐवज, वेलदोड्याचा आणि गुलाबपाण्याचा वास. दुकानदाराने चमच्यावर थोडा पुढे केला. मी आपल्या रीतीप्रमाणे "नको, नको" म्हटलं, म्हणजे त्याने पुन्हा आग्रह करावा. त्याने चमचा शांतपणे मागे घेतला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला दिला. मग मी दुकानावरून एक चक्कर मारून, जणू आत्ताच आलोय अशा चेहऱ्याने, पुन्हा समोर उभा राहिलो. या वेळी त्याने चमचा पुढे करायच्या आतच मी हात पुढे केला. तात्या लांब उभं राहून हे सगळं बघत होते.

दुपारी एका मल्याळी माणसाच्या हॉटेलात मी सुरमईची आमटी आणि भात खाल्ला. तात्यांनी वेटरला वरीचे तांदूळ आहेत का म्हणून विचारलं. वेटरने आत जाऊन चौकशी केली, बाहेर येऊन बिर्याणी आहे असं सांगितलं. तात्यांनी केळी आणि खजूर खाल्ले. ओमान हा देश उपासासाठी फार सोयीचा आहे, तिथल्या लोकांना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

एकच्या सुमारास दुकानांची दारं पडली आणि अख्खं गाव दुपारी झोपणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यासारखं झालं. आम्हीही झाडाखालच्या बाकावर लवंडलो. पैजेत डुलकीला मनाई नव्हती.

उठल्यावर मी तात्यांना किल्ल्यामागची जुनी वस्ती दाखवायला नेलं. ही निजव्यातली सगळ्यात सुंदर जागा. मातीच्या दुमजली घरांच्या मधून गल्ल्या गेल्यात, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावावी अशा. काही घरं ढासळलेली, काही नीट करून त्यांत पाहुण्यांच्या खोल्या आणि कॉफीची दुकानं काढलेली. अशाच एका घरात जुनं राहणीमान मांडून ठेवलंय असं मी कुठेतरी वाचलं होतं. बैठक, कॉफीची किटली, गालिचे वगैरे. ते शोधायचं ठरवलं.

कुणाला तरी विचारू, असं तात्या म्हणाले. मी म्हटलं, माझा जन्म लोकांना वाटा सांगण्यात गेला, मी काय विचारू.

गल्लीच्या कडेने पाण्याचा पाट वाहत होता. तिकडे त्याला फलज म्हणतात. डोंगराच्या पोटातून पाणी आणून गावभर खेळवलेलं, अगदी आमच्या पोफळीच्या बागेतल्या पाटासारखं. मी म्हटलं, तात्या, कोकणात एक नियम आहे. रस्ता चुकला तर पाटाच्या पाण्याबरोबर चालावं, माणूस कुणाच्या तरी बागेत निघतोच. आम्ही पाण्याबरोबर चालू लागलो. थोडं पुढे गेल्यावर पाट एका भिंतीखाली शिरला. आम्हाला तसं शिरता येईना. तिथून वळलो ते एका निळ्या दाराशी आलो. मग दुसरीकडून वळलो ते पुन्हा निळ्या दाराशी.

"हे दार मघाशी पण होतं," तात्या म्हणाले.

"इथे सगळी दारं निळीच असतात."

"कडीला तोच हिरवा दोरा आहे."

मी पाय उचलला. पुढच्या गल्लीत एक रुंद दार सताड उघडं होतं. दाराशी चपलांचा ढीग, आत लांबच लांब दालन, गालिचे अंथरलेले, आणि भिंतीला टेकून पांढऱ्या डगल्यांतली माणसं ओळीने बसलेली. मधे कॉफीची लांब चोचीची किटली आणि खजुरांच्या पराती.

"सापडलं," मी म्हटलं.

"तिकिटाची खिडकी दिसत नाही."

"तात्या, दर ठिकाणी खिडकी लागत नाही."

चपला काढून आम्ही आत गेलो, आणि ती सगळीच्या सगळी माणसं उभी राहिली. माझं असं स्वागत लग्नातसुद्धा झालं नव्हतं. उजवीकडून एकेकाचा हात हातात घेत मी पुढे सरकलो, मागून तात्या. प्रत्येक जण हळू आवाजात काही म्हणत होता, मी प्रत्येकाला "थँक यू, थँक यू" म्हणत होतो. आम्हाला चांगली जागा करून दिली. एक तरुण किटली घेऊन आला, बिनदांड्याच्या इवल्याशा कपात कडू कॉफी ओतली, समोर खजूर ठेवले. तात्यांचा चेहरा सकाळपासून प्रथमच उजळला.

मी आजूबाजूला बघितलं आणि तात्यांना समजावून सांगू लागलो. माझा आवाज बसस्थानकावर घडलेला आहे, कुजबूज त्याला जमत नाही.

"बघा, ही खरी जुनी ओमानी बैठक. हुबेहूब उभी केली आहे. आणि ही नेमलेली माणसं बघा. एक जण हसत नाही, कुणी आपल्याकडे टक लावून बघत नाही. आपल्याकडे असं काही केलं असतं तर अर्धे कलाकार मोबाइलवर असते."

"ते समोरचे म्हातारे रडतायत," तात्या म्हणाले.

"तेच सांगतोय. किती जीव ओतून करतायत."

मी तात्यांना त्यांच्या मोबाइलवर माझा कॉफी पितानाचा फोटो काढायला लावला. तात्यांच्या मोबाइलमध्ये तिकडचं सिम नव्हतं, त्यामुळे तो कॅमेरा म्हणूनच हिंडत होता. मग मी जरा पुढे सरकलो आणि त्या रडणाऱ्या म्हाताऱ्यांना इंग्रजीत म्हणालो, "व्हेरी गुड. व्हेरी नॅचरल."

म्हाताऱ्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही. "शुक्रन," ते म्हणाले. "शुक्रन."

माझा कप पुन्हा भरला होता. पुन्हा रिकामा केला, पुन्हा भरला. तेवढ्यात शेजारच्या ओळीतून एक दाढीवाला माणूस गुडघ्यांवर सरकत माझ्याजवळ आला. कपडे ओमानी नव्हते, शर्ट आणि विजार.

"काका," तो हलक्या आवाजात म्हणाला, "कप हलवा जरासा. न्हायतर ह्यो पोरगा ओततच ऱ्हाईल."

मी कप हलवला. तरुण पुढे गेला. मग माझ्या ध्यानात आलं की हे मराठी होतं.

"तुम्ही... आपल्याकडचे?"

"हर्णैच्या बाजूचा. रफीक." त्याने माझ्याकडे बघितलं नाही, समोर बघत बोलत होता. "काका, ह्ये म्युझियम नाय. ही मोहल्ल्याची बैठक हाय. आमचे अर्बाब, म्हंजे मालक, वारले परवा. त्येंच्यासाठी लोक येतायत. तुमी ज्येंचा हात धरलाय, त्ये त्येंचे भाऊ."

माझा हात अजून त्या भावाच्या हातात होता. तो काढून घ्यावा की तसाच ठेवावा, हे मला कळेना. मी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी खजुराची बी तोंडातून हळूच काढून मुठीत लपवली.

"तात्या, तुम्हाला संशय आला नाही?"

"आला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे." मग ते माझ्या कानाशी आले. "अण्णासाहेब, उपासाला मयताच्या घरचा खजूर चालतो का?"

"किती खाल्लेत?"

"बरेच."

मी उठायला लागलो तसा रफीकने माझ्या मांडीवर हात ठेवला. "आता उठू नुका. आल्याबरूबर उठलात तर वायट दिसंल. मी त्येंना सांगितलाय, ही माज्या मुलखातली माणसं हायत, अर्बाबचं कळलं म्हनून आली. आता माज्या मुलखाची इज्जत तुमच्या हातात हाय. आनि जरा हळू बोला. तुमचा सगळा नाटकाचा बोलना मी ऐकलाय."

मी माझा फोन बंद केला आणि मान खाली घालून बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाहतुकीबद्दलसुद्धा काही बोलावंसं वाटेना.

थोड्या वेळाने एक चाळिशीतला माणूस आमच्यासमोर येऊन बसला. मयताचा मुलगा. सोहारला कारखान्यात इंजिनिअर. डोळे लाल होते, पण डगला कडक इस्त्रीचा होता. त्याचं इंग्रजी सावकाश होतं, माझ्या बेताचं. त्याचं बोलणं मी माझ्या कुवतीप्रमाणे मराठीत देतोय.

"रफीक म्हणाला, तुम्ही भारतातून आलात. माझ्या वडिलांसाठी इतक्या लांब आलात."

खोटं बोलण्याइतकी हिंमत माझ्यात नव्हती आणि खरं बोलण्याइतकीही नव्हती. मी म्हटलं, "मी मुलाकडे आलोय. मस्कतला."

"मुलाजवळ राहता?"

"सध्या."

"तुमचा मुलगा नशीबवान आहे. माझे वडील नाही आले. सोहारला त्यांच्यासाठी खोली केली होती, समुद्र दिसणारी. म्हणायचे, समुद्राचं मी काय करू, खजुराला पाणी कोण देईल. इथे एकटे राहिले. रफीक असायचा दिवसा."

रफीक गालिच्याकडे बघत होता.

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "तुम्हाला राग यायचा त्यांचा?"

मला वाटलं, आता मी दुसऱ्यांदा घाण केली. पण तो बोलला.

"रोज पहाटेच्या नमाजानंतर मी फोन करायचो. त्या दिवशी उचलला नाही. त्यांची सवय होती, फोन कालच्या डगल्याच्या खिशात राहायचा. मी गाडी काढली. सोहारहून इथवर सगळ्या रस्त्यात मी त्यांना ओरडत होतो. एकटाच गाडीत, मोठ्याने. किती वेळा सांगितलं, फोन जवळ ठेवा. तुम्हाला काय होतं. माझी मुलं आहेत, माझी नोकरी आहे, मी असा किती वेळा पळत येऊ. हे सगळं मी पाठ करत आलो, त्यांच्यासमोर बोलायला." त्याने डगल्याची बाही सारखी केली. "ते बागेत पाटाजवळ होते. मी जे पाठ केलं होतं, ते सगळं तसंच राहिलं. अजून येतं तोंडात, सकाळी."

त्या दालनात कुणीतरी हळू आवाजात कुराण वाचत होतं. तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना इंग्रजी माझ्यापेक्षा कमी येतं.

मी तिकडे महिनाभर काय समजत होतो, ते सांगतो. मला वाटत होतं की वाद माझ्या पायांचा आहे. पाय चालतात हे दाखवलं की संपलं. मी देवरुखच्या परसात पडून होतो तेव्हा मला काय काय वाटलं, ते मी सगळ्यांना मांजरासकट सांगत आलो. पण ते कानावर आल्यावर तिकडे अझैब्यात निखिल काय करत होता, कुणाला ओरडत होता, हे मी कधी विचारलं नव्हतं.

निघताना मला आपली रीत आठवली, अशा घरातून "येतो" म्हणून निघायचं नसतं. पण आमच्या रीतीप्रमाणे मुकाट उठावं, तर इथे सगळे पुन्हा उभे राहिले. पुन्हा उजवीकडून एकेकाचे हात हातात घेतले. या वेळी मी "थँक यू" म्हटलं नाही. रफीक आम्हाला बाहेर सोडायला आला. निळ्या दारावरूनच गेलो. रस्ता तिथून अगदी सरळ होता.

"दुसरा कोनी असता तर मीच बाहेर काढला असता," रफीक म्हणाला. "पन तुमी बोलत होता, मला बरा वाटला. दोन दिवस कुनी मराठी बोलला नव्हता."

तोवर चांगला अंधार पडला होता. मगरिबची बांग आम्ही आत बसलेलो असतानाच होऊन गेली होती. वाहनतळावर निखिलची गाडी दिवे चालू ठेवून उभी होती, तिचं दार उघडं होतं आणि निखिल तिच्याजवळ नव्हता. तो किल्ल्याच्या बाजूने पळत आला. माझा मुलगा पळताना मी तो शाळेत होता तेव्हा शेवटचा बघितला होता.

"फोन कुठे आहे तुमचा?"

मी खिशातून काढून दाखवला. बंद होता.

"बंद? बंद केलात? किती वेळा लावला मी. सगळा बाजार पालथा घातला. पहारेकऱ्याला किल्ला उघडायला लावला, वर बुरुजावर जाऊन आलो. मला वाटलं, पुन्हा कुठे पडलात. तुम्हाला पैज सुचते. तुम्हाला सगळ्याची गंमत वाटते बाबा, सगळ्याची. त्या दिवशीसुद्धा मांजर, मांजर करत होतात. मी इथे रात्रभर बसून होतो, मला तिकीट मिळत नव्हतं..."

निखिल मला कधी ओरडलेला नाही. त्याचा आवाज चढतो आणि मध्येच फाटतो, हेही मला माहीत नव्हतं. हिचा आवाज असाच फाटायचा.

"जावईबापू," तात्या पुढे झाले, "त्याचं असं आहे, चूक माझी..."

मी तात्यांचा हात धरून मागे ओढला. माझ्याकडे उत्तर तयार होतं, चांगलं होतं, लोक हसले असते. मी ते गिळलं. येणारे जाणारे बघत होते, एक कुटुंब तर थांबलंच. मी दोन पायांवर उभा राहिलो आणि निखिलला मनासारखं ओरडू दिलं. त्याच्या समोर कुणीतरी होतं.

त्याचं संपल्यावर त्याने गाडीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि माझ्या हातात दिली. मी सगळी प्यालो.

गाडी डोंगर उतरली. मग निखिलच म्हणाला, "पैज तुम्ही जिंकलात. उभे होतात."

"त्याच जागी?"

"त्याच जागी. उशिरा."

मी म्हटलं, "पावसाळ्यात मी इकडे येतो. शेवाळ धरतं तेवढे महिने. उरलेलं वर्ष देवरुख."

"पावसाळ्यात इथे उन्हाने भाजायला होतं, बाबा."

"देवरुखात घसरतो, इथे भाजेन. तुझ्यासमोर भाजेन."

निखिल हसला, थोडासाच. मागच्या सीटवरून तात्यांचा आवाज आला, मला वाटलं होतं ते झोपलेत. "जून ते सप्टेंबर. तोंडी ठरलंय, साक्षीदार मी. मृणाललाही कळवतो." मग बऱ्याच वेळाने, "त्या खजुराचं मृणालच्या आईला सांगू नका."

तर हे देवरुखात बसून लिहितोय. इथे परत आल्यापासून रोज सकाळी चहाच्या आधी मी निखिलला फोन करतो. ही अट कुणी घातलेली नाही, मीच लावून घेतली. तिकडचं घड्याळ आपल्यामागे असल्यामुळे तो अर्धवट झोपेत असतो, "हं" म्हणतो आणि ठेवतो. तेवढं पुरतं दोघांना.

मागच्या आठवड्यात त्याने उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. मृणालला लावला, तिचाही नाही. मी अंगणात फेऱ्या मारायला लागलो. चहा उतू गेला, गॅस विझला, तो वास येईपर्यंत मला कळलं नाही. मनात काय काय आलं ते लिहीत नाही. शेवटी त्याचाच फोन आला, सगळे शाळेच्या सहलीला ईराला सोडायला गेले होते आणि फोन घरी राहिले होते. मग मी जो सुटलो, तो शेजारीण मांजर काखेत घेऊन कुंपणाशी येऊन उभी राहीपर्यंत थांबलो नाही. फोन बरोबर न्यायला काय होतं, इथे माणसाचं काय होतं, तुम्हाला सगळ्याची गंमत वाटते.

निखिलने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाला, "झालं? आता चहा पुन्हा ठेवा, बाबा."